बाबांचा सीडी प्लेअर आणि तीन वायरी

परवा माळा आवरताना बाबांचा जुना सीडी प्लेअर सापडला. जुन्या चादरीत गुंडाळलेला, वर बोटभर धूळ. उलटा करून पाहिला तर मागच्या पत्र्यावर एक वेडंवाकडं भोक आणि त्यात बसवलेलं पिवळं सॉकेट. हे भोक कंपनीने पाडलेलं नाही. आमच्या घरातले जे कोणी हे वाचताहेत त्यांना ते सॉकेट नक्की आठवेल. बाकीच्या मंडळींसाठी जरा मागून सुरुवात करतो.

सीडी बाजारात आली ती ऑक्टोबर १९८२ मध्ये, जपानमध्ये. फिलिप्स आणि सोनीने मिळून तिचे नियम ठरवले होते. आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची, प्रत्येक मोजणी १६ बिट्सची, आणि डावा-उजवा असे दोन आवाज. गुणाकार करून पाहा. सेकंदाला १४,११,२०० बिट्स. हा आकडा लक्षात ठेवा, सगळी गंमत त्यातच आहे.

पुढे १९८८ मध्ये चलच्चित्र आकड्यांत साठवण्याचे नियम ठरवायला एमपेग नावाची समिती स्थापन झाली. तिने पहिलं काम हातात घेतलं ते चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला साधारण १५ लाख बिट्समध्ये बसवायचं. १५ लाखच का? कारण सीडीवरून माहिती साधारण त्याच वेगाने येते. आता ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं चित्र सेकंदाला २५ वेळा जसंच्या तसं पाठवायचं तर तीन कोटी बिट्स लागतात. व्हिडिओ सीडीत चित्राच्या वाट्याला येतात साडेअकरा लाख. म्हणजे सव्वीसपट दाबायचं! त्यासाठी आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच लिहायचं, डोळ्याला फारसे कळत नाहीत ते बारकावे गाळायचे, अशा युक्त्या काढल्या. १९९३ मध्ये हे एमपेग-१ प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी व्हिडिओ सीडीचे नियम ठरवले, आणि चीनमधल्या हफेई शहरात वान्यान नावाची कंपनी उभी राहिली. तिने सी-क्यूब या अमेरिकन कंपनीच्या चिप वापरून घरगुती व्हीसीडी प्लेअर बनवले. अमेरिकेत घरोघर व्हीसीआर होते, त्यामुळे तिथे व्हीसीडी रुजली नाही. आशियात मात्र ती झपाट्याने पसरली. पावसाळ्यात कॅसेटला बुरशी लागलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचं एक कारण वेगळं सांगायला नको.

आता मुद्दा असा की व्हीसीडी ही गाण्याच्या सीडीच्याच वेगाने फिरते आणि तोच लेझर तिला वाचतो. म्हणजे गाण्याच्या साध्या प्लेअरमध्ये व्हीसीडी घातली तर तोही ती इमानाने वाचतो. आत आलेले आकडे गाण्याचे आहेत की सिनेमाचे, याच्याशी लेझरला काही देणंघेणं नाही. अडतं ते पुढे. आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपला चित्र कसं करायचं ते माहीत नसतं. मग त्या चिपच्या अलीकडेच आकडे पकडून चित्र उलगडणाऱ्या एका कार्डाला दिले तर? नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्याकडच्या दुरुस्तीच्या दुकानांतून हाच उद्योग चालायचा.

आमच्याकडे तो झाला २००१ मध्ये. आजीचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि जिने उतरणं बंद झालं होतं. बालगंधर्व आणि भरत नाट्यमंदिर ही जिची दुसरी घरं, ती दिवसभर खिडकीशी बसून राहायची. तेव्हा मामाने एका जुन्या नाटकाची व्हीसीडी आणून दिली. तोवर दुकानात तयार व्हीसीडी प्लेअर मिळत होते, पण घरात एक यंत्र चालू असताना दुसरं आणणं आमच्याकडे बसत नव्हतं. त्या वर्षी तर दवाखान्याचं बिलही होतं. आणि ते चालू यंत्र म्हणजे बाबांचा सीडी प्लेअर. १९९५ च्या बोनसमधून घेतलेला. रात्री सगळे झोपले की हेडफोन लावून बाबा ख्याल ऐकत बसायचे. त्याला हात लावायची आम्हा मुलांना परवानगी नव्हती.

मीच हट्ट धरला. बाबा एक दिवस गप्प राहिले आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ने."

तापकीर गल्लीतून तळहाताएवढं हिरवं कार्ड आणलं. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या आमच्या काकांनी प्लेअर उघडला, आवाजाच्या चिपकडे जाणाऱ्या तीन रेषा ब्लेडने कापल्या आणि तिथून तीन वायरी काढून कार्डाला डकवल्या. एक आकड्यांची, एक प्रत्येक बिटच्या ठोक्याची, एक डावा-उजवा सांगणारी. संध्याकाळी टीव्ही लावला तर नुसता निळा पडदा! काकांनी डोकं खाजवलं. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. ही गाण्याची सीडी नाही अशी खूण सीडीवरच नोंदलेली असते, आणि ती दिसली की कानठळ्या बसू नयेत म्हणून प्लेअर स्वतःच तोंड बंद करून घेतो. ती व्यवस्था काकांनी मोडली आणि पडदा वर गेला.

पहिला ट्रॅक कायम मुका असायचा. व्हीसीडीत तिथे फक्त फायलींची यादी असते, चित्र दुसऱ्यापासून सुरू होतं. सीडीवर ओरखडा असला की नटाच्या चेहऱ्याचे चौकोन व्हायचे. गाण्यात प्लेअर गेलेला आकडा आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाजाने भरतो आणि कानाला ते खपतं. दाबलेल्या चित्रात असा अंदाज चालत नाही. आजीला याचं काहीच नव्हतं. नटाच्या आधी वाक्य म्हणून ती आमच्याकडे बघायची. पुढची दोन वर्षं, ती जाईपर्यंत, दुपारी तिचं नाटक ठरलेलं असायचं.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. कार्ड मधे बसवल्यावर गाण्याचे आकडेसुद्धा त्या कार्डातूनच जाऊ लागले होते, आणि त्याच्यावरची आवाजाची चिप अगदीच स्वस्तातली होती. संथ आलापामागे बारीक घरघर यायची. टीव्हीच्या स्पीकरवर ती कळत नसे, हेडफोनवर कळायची. बाबांनी रात्रीचं ऐकणं बंद केलं. "आताशा झोप लवकर येते," एवढंच म्हणायचे आणि आम्ही ते खरं मानलं.

पुढे डीव्हीडीच्या प्लेअरने हे सगळं मोडीत काढलं. डीव्हीडीची अक्षरं इतकी बारीक की जुन्या ७८० नॅनोमीटरच्या लेझरला ती वाचताच येत नाहीत, तिला ६५० नॅनोमीटरचा लागतो. तिथे तीन वायरींचं काम नव्हतं. आमचा प्लेअर माळ्यावर गेला.

तर परवा ठरवलं, कार्ड काढायचंच. वायरी सोडवल्या, कापलेल्या तिन्ही रेषांवर डाग दिला, हेडफोन साफ केले. एक जुनी सीडी घातली. दोनदा अडखळली आणि लागली. घरघर नव्हती. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. दहा मिनिटं डोळे मिटून ऐकत होते. मी विचारलं, पूर्वीसारखा आहे का आवाज? म्हणाले, "यंत्र असेल रे पूर्वीसारखं. कान कुठे आहेत?"

मग हेडफोन काढून विचारलं, "आईच्या त्या नाटकाची सीडी आहे का घरात? लाव ना."

कार्ड आणि वायरी अजून टाकून दिलेल्या नाहीत. येत्या रविवारी डाग द्यायचं यंत्र पुन्हा काढीन म्हणतो.