बॅटरी गेली आणि घूं आला

सुरुवातीच्या रेडिओत हम, म्हणजे सतत घुमणारा घूं असा आवाज, नव्हता. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या दिवाणखान्यात रेडिओ यायचा तो बॅटऱ्यांचा लवाजमा घेऊनच. व्हॉल्व्हचे फिलामेंट तापवायला ६ व्होल्टची आम्लाची बॅटरी, प्लेटसाठी ४५ किंवा ९० व्होल्टचे कोरड्या सेलचे खोके, आणि बऱ्याचदा ग्रिडसाठी आणखी एक. आम्लाची बॅटरी चार्ज करायला न्यायची कटकट होती. ती सांडली तर गालिचा गेलाच म्हणायचा. पण बॅटरीची वीज एकाच दिशेने, एकसारखी वाहते. त्यामुळे स्टेशन नीट लागले नाही तर खरखर यायची, घूं मात्र यायचा नाही.

भिंतीतली वीज थेट रेडिओत घ्यायची ठरली आणि हा आवाज घरात शिरला. ही वीज अमेरिकेत सेकंदाला ६० वेळा हेलकावते, भारतात ५० वेळा. रेक्टिफायरने तिला एका दिशेला वळवले तरी ती सपाट होत नाही. दुप्पट वेगाच्या लाटा उरतात. आपल्याकडच्या अँप्लिफायरमध्ये १०० हर्ट्झचा खर्ज घुमतो तो याच लाटांचा. त्या दाबायला लोखंडी गाभ्याचा चोक आणि कंडेन्सर लागतात, आणि त्या काळचे कागदी कंडेन्सर आकाराने प्रचंड असूनही क्षमतेला जेमतेम असत.

प्लेटचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा होता. १९२५च्या सुमाराला रेथिऑन कंपनीची वायू भरलेली रेक्टिफायर नळी बाजारात आली आणि प्लेटच्या बॅटऱ्या हटवणारी उपकरणे खपू लागली. खरी अडचण फिलामेंटची होती. इलेक्ट्रॉन त्या तारेतूनच सुटत. तिलाच हेलकावणारी वीज दिली, की तो हेलकावा सरळ गाण्यात मिसळे.

टोरांटोच्या एडवर्ड रॉजर्सने १९२५ साली याला उत्तर दिले. तापणारी तार आत आणि इलेक्ट्रॉन सोडणारी नळी तिच्याभोवती, अशा व्हॉल्व्हचे हक्क अमेरिकेतून मिळवून आणि तो व्हॉल्व्ह सुधारून त्याने बॅटरीविना चालणारा रेडिओ विकायला काढला. बाहेरची नळी सावकाश तापते आणि सावकाश निवते, त्यामुळे तारेतला हेलकावा तिच्यापर्यंत फारसा पोचत नाही. तेव्हा टोरांटोला नायगाराची वीज २५ सायकलची मिळे, आणि लाट जितकी संथ तितकी ती गाळणे अवघड. तिथेच हे जमले, हे विशेष. १९२७ साली त्याने काढलेल्या सीएफआरबी केंद्राच्या नावातली शेवटची दोन अक्षरे ‘रॉजर्स बॅटरीलेस’ची आहेत.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या आरसीए कंपनीचा ‘रेडिओला १७’ हा सेट आला. त्यातली व्हॉल्व्हची मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. आतून तापणारा नवा २२७ व्हॉल्व्ह त्यात एकच होता, तोही डिटेक्टरच्या जागी. रेडिओ-लहरी वाढवणाऱ्या टप्प्यांना थेट तापणारे, अवघ्या १.५ व्होल्टचे २२६ पुरले, कारण तिथला हम तितका कानावर येत नाही. डिटेक्टरमध्ये मात्र रेडिओ-लहरींतून गाणे वेगळे होते. तिथे घुसलेला हम गाण्याबरोबर पुढच्या प्रत्येक टप्प्यात वाढत जातो. हम किती आहे यापेक्षा तो कुठून शिरला हे पाहायचे, ही दृष्टी त्या मांडणीत पुरेपूर दिसते.

स्पीकरमधली युक्ती तर त्याहून सुंदर. तेव्हाच्या बऱ्याच स्पीकरांत कायमचा लोहचुंबक नसे. मोठ्या फील्ड कॉइलमधून वीज सोडून चुंबकत्व तयार करत. काटकसरी कारखानदार तीच कॉइल वीज गाळणारा चोक म्हणून वापरत. मग उरलेल्या लाटा चुंबकत्वात उतरत आणि पडदा हलवणाऱ्या व्हॉइस कॉइलमध्ये घूं उमटे. त्यावर फील्ड कॉइलशेजारी तारेचे मोजके वेढे गुंडाळून ते व्हॉइस कॉइलला उलट्या दिशेने जोडत. दोन्हीकडे सारखाच हम, एक सुलटा, एक उलटा. दोघे एकमेकांना मारत. गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ साली गिटारच्या दुहेरी पिकअपचे पेटंट मागितले, त्यातही हेच तत्त्व आहे.

पुढे जास्त क्षमतेचे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर आले आणि रेडिओ बराच शांत झाला. पण १९४८ साली एलपी रेकॉर्ड आली आणि दुखणे नव्याने उपटले. सुईची थरथर विजेत बदलणारे मॅग्नेटिक कार्ट्रिज जेमतेम काही मिलिव्होल्ट देते. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, तो वाजवताना पुन्हा उचलावा लागतो. १९५०च्या दशकात रूढ झालेल्या आरआयएए प्रमाणानुसार ५० हर्ट्झचा आवाज १,००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे सातपट वाढतो. म्हणजे हमसाठी दार सताड उघडे! टर्नटेबलमधून वेगळी बारीक अर्थिंगची तार निघते ती यासाठी.

वेगवेगळे डबे केबलने जोडायची पद्धत रुळली तसा अर्थ लूप आला. दोन उपकरणांना आपापली अर्थिंग आणि मधे शील्ड वायर, असे वेटोळे झाले की त्यात वीज फिरते आणि झर्र असा तिखट आवाज येतो. त्यासाठी प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा उपाय काही जण करतात. तो जिवावर बेतू शकतो. कधीही करू नये.

हमचा माग काढायची रीत मात्र व्हॉल्व्हच्या काळापासून फारशी बदललेली नाही. व्हॉल्यूम शून्यावर आणायचा. घूं तसाच राहिला तर दोष त्या बटणाच्या पुढे, आणि जुन्या सेटमध्ये पहिला संशय सुकलेल्या फिल्टर कंडेन्सरवर. व्हॉल्यूमबरोबर वाढला तर मागे जायचे: प्री-अँप, केबल, टर्नटेबल. एकेक केबल सेट बंद करून काढायची, पुन्हा चालू करून ऐकायचे. जी केबल काढल्यावर आवाज थांबला, तिथून पुढचा शोध.