रस्ता नगरपालिकेचा, रहदारी कोणाची?

बाजारपेठेच्या तोंडाशी मोटारी, सायकली, रिक्षा आणि हातगाड्या यांची कोंडी झाली, म्हणजे तिच्यात अडकलेला नागरिक सर्वांत आधी बोटे मोडतो ती नगरपालिकेच्या नावाने. मग तो आपल्या वॉर्डाच्या सभासदाला गाठतो. सभासद सांगतो, ‘रहदारी आमच्याकडे नाही, ती पोलिसांकडे.’ चौकीवर जावे तर तेथे ऐकू येते, ‘रस्ता पालिकेचा, फेरीवाले पालिकेचे, आम्ही शिट्टी तेवढी वाजवायची.’ आम्ही स्वतः या येरझाऱ्या घातलेल्या आहेत. दोन्ही उत्तरे खोटी नाहीत, आणि दोन्ही पुरती खरीही नाहीत. ही वाटणी कोणी, केव्हा आणि कशासाठी केली, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

त्यासाठी मुंबईकडे वळावे लागते. महानगरपालिकांचा १९४९ चा कायदा मुंबईच्या १८८८ च्या कायद्यावरूनच बेतलेला आहे, आणि मुंबईत जे भांडण मिटले, त्याचाच निवाडा पुढे आपल्या वाट्याला आला.

मौज अशी, की आरंभी पोलीस आणि नगरव्यवस्था ही दोन घरे नव्हतीच. १८४५ साली मुंबईच्या साफसफाईसाठी व रस्त्यांसाठी ‘बोर्ड ऑफ कॉन्झर्व्हन्सी’ नावाचे मंडळ स्थापन झाले, त्याचा अध्यक्ष पोलिसांचा सीनियर मॅजिस्ट्रेटच होता. झाडू आणि दंडुका एकाच कचेरीत! पुढे १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड हा पहिला म्युनिसिपल कमिशनर नेमला गेला. त्याच सुमारास फ्रँक सूटर हा पहिला पोलीस कमिशनर झाला. एका शहरावर दोन कमिशनर आले: एकाकडे रस्ता, दुसऱ्याकडे रस्त्यावरची माणसे आणि गाड्या. भाड्याच्या घोडागाड्यांसाठी तर १८६३ चा स्वतंत्र कायदा होताच. त्यांचा परवाना शहरात पोलिसांच्या हातचा.

परंतु पैशाचे काय? येथेच खरी मेख होती. पोलिसांच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने नगरपालिकेच्या माथी मारला होता. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन आली, त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडलेले. या निवडलेल्या मंडळींना साहजिकच वाटू लागले, की ज्या पोलिसांवर आमचा काडीचाही हुकूम चालत नाही, त्यांचा पगार आम्ही का द्यावा? फिरोजशहा मेहता यांनी या प्रश्नावर सरकारशी वर्षानुवर्षे झुंज दिली. अखेर १९०७ साली कायदा होऊन पोलिसांचा खर्च सरकारने उचलला, आणि त्याच्या बदल्यात प्राथमिक शिक्षण, लस टोचणे व वैद्यकीय मदत यांचा भार कॉर्पोरेशनने पत्करला.

सौदा वाईट म्हणता येणार नाही. शाळा आणि दवाखाने शहराच्या हाती आले, हा लाभ थोडा नव्हे. तथापि आमचे मत असे आहे, की त्या दिवशी शहराने पोलिसांच्या बिलाबरोबर रहदारीवर हक्क सांगण्याचे आपले सर्वांत बळकट कारणही परत केले. खर्च देणारा तक्रार करू शकतो. खर्च न देणाऱ्याने फार तर विनंती करावी. त्या वेळी रस्त्यावर मोटारी मोजक्याच होत्या, म्हणून त्याचे महत्त्व कोणास जाणवले नसावे.

पुढे मोटारी वाढल्या. १९१४ साली साऱ्या देशासाठी मोटारींचा पहिला कायदा झाला, १९३९ साली दुसरा, १९८८ साली तिसरा. दरम्यान १९३५ साली मुंबई प्रांताने मोटारींवरचा कर स्वतःकडे घेतला आणि नगरपालिकांना त्याबद्दल भरपाई देऊ केली. पालिकांकडे उरल्या त्या बैलगाड्या, टांगे आणि सायकली. आमच्या पिढीतल्या कित्येकांना सायकलचा तो पत्र्याचा बिल्ला आठवत असेल. बिल्ला नसला तर पालिकेचा माणूस सायकल अडवी, दिवा नसला किंवा डबलसीट असले तर पोलीस अडवी. हा विषय शिकवण्यास याहून सोपा धडा आम्हांस सापडत नाही: वाहनावरचा कर एकाचा, वाहनाच्या चालीवरचा ताबा दुसऱ्याचा.

आता कायद्याची आजची मांडणी पाहू. १९५१ च्या पोलीस कायद्याच्या तेहेतिसाव्या कलमाने रस्त्यांवरील सर्व प्रकारच्या रहदारीचे नियम करण्याचा अधिकार, जेथे पोलीस आयुक्त आहेत तेथे आयुक्तांना आणि इतरत्र जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना दिला. वाहने रस्त्यावर कशी व कोठे उभी राहावीत, हेही त्याच कलमात आले. एकेरी वाहतूक, सम-विषम तारखांचे पार्किंग, जड वाहनांना ठराविक वेळी बंदी, ही सारी फर्माने या कलमातून किंवा मोटार कायद्यातून निघतात. रंगाचा डबा पालिकेचा असेल, पाटीचा खांबही तिचा असेल, परंतु पाटीवरचा मजकूर तिचा नसतो.

मात्र एक कलम असे आहे, की जेथे पालिकेला दार उघडे ठेवलेले आहे. १९३९ च्या कायद्यात ते शहात्तरावे होते, १९८८ च्या कायद्यात एकशे सतरावे आहे. वाहने कोठे थांबावीत ती ठिकाणे राज्य सरकारने किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने ठरवावीत, पण स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून. ‘संमतीने’ नव्हे, ‘विचारविनिमयाने’. एवढ्या एका शब्दावर आपल्या शहराची पार्किंगमधली पत उभी आहे. शब्द दुबळा आहे खरा. पण ज्या पालिकेने रस्त्यांची रुंदी मोजली, दुकाने आणि शाळा मोजल्या, गाड्या मोजल्या आणि नकाशा घेऊन ती बैठकीस गेली, तिचा विचारविनिमय निराळा, आणि जिचा प्रतिनिधी चहा घेऊन परतला, तिचा निराळा.

शिवाय पालिका म्हणते तितकी ती हतबलही नाही. सार्वजनिक रस्ता कायद्याने तिच्या मालकीचा आहे. महानगरपालिकेच्या आयुक्ताला सभेच्या मंजुरीने एखाद्या रस्त्यावर वाहनांना बंदी करता येते, विशिष्ट आकाराच्या किंवा वजनाच्या गाड्यांना मज्जाव करता येतो. वाहनतळ बांधणे, अतिक्रमणे हटवणे, पदपथ मोकळे ठेवणे हे तर तिचेच काम. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून जी बारावी अनुसूची आली, तिच्या अठरा विषयांत रस्ते व पूल आहेत, बसथांबे आहेत, वाहनतळही आहेत. रहदारीचे नियमन मात्र त्यांत नाही. म्हणजे गाडी उभी करण्याची जागा करणे पालिकेकडे, गाडी चुकीच्या जागी उभी केल्याचा दंड पोलिसांकडे. रस्त्यावर दहा तास बेवारस पडलेले वाहन उचलण्यासही गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याचा हुकूम लागतो.

हे झाले कायद्याचे. अधिकार असूनही तो वापरण्याची छाती हवी, ही गोष्ट वेगळी. पुणे महापालिकेपुढे २०१८ साली रस्त्यावरच्या पार्किंगला शुल्क लावण्याचे धोरण आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते पुष्कळांच्या स्मरणात असेल. अखेर मोजक्या रस्त्यांपुरते, प्रयोग म्हणून, ते मंजूर झाले. तेथे पोलीस आडवे आले नव्हते. आडवे आलो ते आपणच, आपापल्या दारातली फुकटची जागा सोडवेना म्हणून.

आणखी एक बारीक बाब. एकेरी वाहतूक किंवा पार्किंगबंदी कायम करण्यापूर्वी वाहतूक शाखा बहुधा तात्पुरता आदेश काढते आणि लेखी हरकती व सूचना मागवते. ही सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, चार ओळींत येते. पेठेतल्या व्यापाऱ्यांना ती बरोबर दिसते आणि त्यांचे अर्ज मुदतीत पोहोचतात. पदपथावरून शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांचे, औषधाच्या दुकानापर्यंत काठी टेकत जाणाऱ्या वृद्धांचे अर्ज त्या फायलीत क्वचितच असतात. आणि मुदत संपली, की पाटी रंगवण्यासाठी पालिकेचा माणूस शिडी घेऊन येतो.