बांबूचं घर ‘कच्चं’ का? वर्ध्यातली कुटी, बांबू आणि त्यामागचं गणित

सेवाग्रामला गेलेला माणूस बापूकुटी बघितल्याशिवाय परत येत नाही. माती, बांबू, लाकूड आणि वर कवेलू. 1936 साली गांधीजी तेव्हाच्या सेगावात राहायला आले. घर कमी खर्चात आणि आसपास मिळेल त्याच साहित्यात बांधायचं, ही त्यांची अट होती. कुटी नीट निगा राखल्यामुळे आजही उभी आहे. पण जनगणनेच्या व्याख्येत मातीच्या आणि बांबूच्या भिंती ‘तात्पुरत्या’ साहित्यात मोडतात.

इंजिनिअरच्या लेखी पक्कं म्हणजे सिमेंट नाही. घर किती भार पेलेल हे आधीच सांगता आलं, की ते पक्कं. मग बांबूचा हा आकडा काढायचा कसा?

एक रस्ता प्रयोगशाळेतून जातो. बांबूचा तुकडा यूटीएम नावाच्या यंत्रात धरून तुटेपर्यंत ताणतात किंवा दाबतात. तंतूंच्या दिशेत ताणलं तर चांगला बांबू दर चौरस मिलिमीटरला साधारण 100 ते 200 न्यूटन सोसतो. साधं पोलाद सुमारे 250 ला कायमचं ताणलं जायला लागतं. वजनात मात्र पोलाद दहापट जड! इथेच बरेच व्हिडिओ ‘बांबू पोलादापेक्षा भारी’ म्हणून संपतात. त्यापुढची गोष्ट ते सांगत नाहीत: बांबूचा ताठपणा पोलादाच्या दहाव्या भागाच्या आसपासच असतो, म्हणून तो तुटायच्या आधी खूप झोल खातो.

शिवाय तो उभा फाटतो. टोकाला कोयता घातला की चीर सरळ खाली जाते. बुरडाचा सगळा धंदा याच गुणावर चालतो आणि इंजिनिअरची डोकेदुखीही हीच. बोल्टसाठी भोक पाडलं की तिथूनच फाटायला सुरुवात होते. म्हणून बांबूच्या घरात आधी सांधा जातो, बांबू नंतर. त्यावर उपाय म्हणून सांध्याजवळच्या पोकळ कांड्यात सिमेंटचा मसाला भरतात.

खांबाचं दुखणं वेगळं. एक बारीक कामटी दोन्ही टोकांनी दाबून बघा. ती चिरडत नाही, मधेच बाहेर वाकते. याला बकलिंग म्हणतात. लांबी निम्मी केली तर तीच कामटी चौपट भार घेते. उंच खांबांना मधे आडव्या-तिरप्या पट्ट्या मारतात त्या याचसाठी, शोभेसाठी नाही.

दुसरा रस्ता संगणकाचा. फायनाइट एलिमेंट पद्धतीत अख्ख्या घराचे हजारो छोटे तुकडे कल्पून प्रत्येकावर किती ताण येतो ते काढतात. वादळ आणि भूकंप दोन्ही स्क्रीनवरच आणता येतात. पण पोलादाचा तुकडा कुठूनही घेतला तरी जवळपास सारखाच असतो, बांबूचं तसं नाही. बाहेरच्या बाजूला तंतू दाट, आत विरळ, मधे पेरं आणि शेंड्याकडे निमुळता. विदर्भातला मानवेल जवळजवळ भरीव, कटांग पोकळ. एकाच बेटातले दोन बांबूही सारखे नसतात. त्यामुळे खऱ्या चौकटीवर स्ट्रेन गेज चिकटवून, भार टाकून संगणकाचं उत्तर तपासावं लागतं. एक मीटरमागे एक मिलिमीटरपेक्षाही कमी लांबी बदलली तरी गेज ते पकडतो. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर आधी सांध्याकडे बघावं. कागदावर तो घट्ट मानलेला असतो, प्रत्यक्षात थोडा हलतो.

एवढं करूनही आकडा जसाच्या तसा वापरत नाहीत. 2016 च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये बांबूसाठी वाकण्यात 4 आणि दाबात 3.5 इतका सुरक्षेचा भागाकार आहे. म्हणजे वाकताना 80 ला मोडणारा बांबू 20 चाच समजायचा.

वर्ध्यात हे काम जुनं आहे. देवेंद्रकुमार यांनी 1976 साली सुरू केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने माती आणि बांबूची स्वस्त घरं बांधण्यावर अनेक वर्षं काम केलंय. तिथली शंकूच्या आकाराच्या कवेलूंची कमानदार छपरंही बघण्यासारखी. एकात एक बसवलेली कवेलू कमानीत फक्त दाबली जातात, आणि भाजलेल्या मातीला दाब चांगला सोसतो.

आणि भुंगा? बांबूतल्या स्टार्चवर तो जगतो, आणि खांब आतून पोखरला की वरचं सगळं गणित फुकट. म्हणून बांबू पावसाळ्यानंतर, स्टार्च कमी असताना तोडतात आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवतात. 2017 च्या कायदा दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू वन कायद्याच्या व्याख्येत ‘झाड’ राहिला नाही, त्यामुळे शेताच्या बांधावरचं बेट तोडणंही सोपं झालंय.