वगळलेले मैल

१. 'वगळलेले मैल' : घाटातल्या मालट्रकचा दाखला इथे चपखल आहे. साखळीहून चोर्ला घाट चढून कणकुंबीला येणारा मालट्रक पावसाळी धुक्यात पहिल्या गिअरवर रांगतो, डिझेल जास्त पितो. म्हणून कुणी ड्रायव्हरला दोष देत नाही. जहाजांच्या श्रेणीतही हाच न्याय लागतो. ५,००० ग्रॉस टन व त्यावरील सागरी मालजहाजांना २०२३ च्या कामगिरीपासून दरवर्षी 'ए' ते 'ई' अशी कार्बन-श्रेणी मिळते. एक टन वहनक्षमतेमागे, एका सागरी मैलाला किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटला, यावर ती ठरते. समुद्रात जीव वाचवायला वाट वाकडी केली, जहाजाच्याच सुरक्षेचा प्रश्न आला किंवा बर्फासाठी बांधलेले जहाज बर्फातून गेले, तर तेवढ्या टप्प्याचे तेल आणि अंतर दोन्ही वगळता येते. दोन्ही, हे महत्त्वाचे. नुसते तेल वगळले तर श्रेणी फुकटची सुधारेल. म्हणून टप्पा सुरू होताना आणि संपताना टाक्यांतले तेल तिथल्या तिथे मोजून लिहावे. मुरगावसमोर धक्क्याची वाट पाहत नांगरलेल्या जहाजाला मात्र ही सवलत नाही : मैल शून्य, जनित्र चालूच. हे मला अन्यायाचे वाटते. धक्का कधी मिळेल ते कप्तानाच्या हातात नसते. – संपा.