कॉल मिळतो, म्हणूनच रेझ

भारतात २०२५ च्या कायद्याने पैशांचा ऑनलाइन पोकर बंद झाला. जिथे तो चालतो, तिथल्या दोन-पाच सेंटांच्या टेबलांवर मात्र एक मत सिद्धान्ताच्या थाटात वावरते. ते असे: इथे कोणी पत्ते टाकतच नाही. रेझ केले तरी चौघे कॉल करतात आणि एक्क्यांची जोडीही कुणीतरी दुर्री-तिर्रीने फोडतो. तेव्हा रेझ व्यर्थ. नुसता ब्लाइंडएवढा पैसा भरावा, स्वस्तात फ्लॉप पाहावा, लागले तर मारावे. या मतामागे अनुभव आहे आणि त्यातले निरीक्षण खरे आहे. निष्कर्ष तेवढा उफराटा आहे.

आधी फुटलेले एक्के पाहू. कोणतेही पत्ते धरून शेवटपर्यंत बसणाऱ्या एका प्रतिस्पर्ध्यापुढे एक्क्यांची जोडी सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते. अशा चौघांपुढे सुमारे ५६ टक्के. हार वाढते, हे कबूल. पण चौघांपुढे पॉटमध्ये आपण भरतो पाचवा हिस्सा आणि आपला हक्क असतो निम्म्याहून अधिकावर. एकासमोर टाकलेल्या डॉलरमागे सरासरी १ डॉलर ७० सेंट परत येतात; चौघांसमोर २ डॉलर ८० सेंट. मग कॉल करणारे वाढले याचा शोक कशासाठी?

आता तो ‘स्वस्त’ फ्लॉप. किलवरची राणी आणि किलवरची तिर्री हाती आली की तीन पत्तीत मुरलेल्या माणसाला ती टाकवत नाही. त्याला कलर दिसू लागतो. पण तिथे तीन पत्ते पुरतात, इथे पाच लागतात. फ्लॉपवरच कलर पुरा होण्याचा योग सुमारे ११९ वेळांत एकदा. चार पत्ते जमण्याचा नवांत एकदा, आणि पाचव्यासाठी पुन्हा पैसे मोजायचेच. तोही आला, तरी समोर एक्क्याचा कलर नसेल कशावरून? याला स्वस्त म्हणावे?

तिसरा मुद्दा रेकचा, म्हणजे साइट पॉटमधून कापते त्या वाट्याचा. अनेक साइटांवर फ्लॉप पडला नाही तर रेक कापत नाहीत. पडला की साधारण ५ टक्के. दोन डॉलरच्या पॉटमधून दहा सेंट, म्हणजे दोन मोठे ब्लाइंड गेले. शंभर डावांत पाच मोठे ब्लाइंड कमावणारा इथे चांगला खेळाडू ठरतो. जो दर वेळी फ्लॉप पाहतो, तो साइटला पोसतो.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे शिरोधार्य आहे. जो पत्ते टाकत नाही, त्याला घाबरवायला रेझ करू नये. बरोबर, चांगल्या पत्त्यांवर करावे, आणि अडीच ब्लाइंडांऐवजी चार-पाचांचे करावे. तिघे आधीच ब्लाइंड भरून बसले असतील, तर डीलरच्या जागेवरून छोटी जोडी नुसता ब्लाइंड भरूनही खेळावी. तो अपवाद झाला, नियम नव्हे.

निवाडा वाचकांनी करावा. मात्र एक्के फुटल्याची आठवण पुरावा म्हणून चालणार नाही. सगळ्या डावांचा जमाखर्च मांडा.