प्रस्तावना : निकाल ठरलेला असतो, मग पुढे?

व्यावसायिक कुस्तीचा अभ्यास करतो म्हटले की समोरचा हमखास विचारतो, ‘पण ते सगळं खोटंच असतं ना हो?’ चोर पकडल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर लपत नाही. त्याला सरळ सांगावे, होय, निकाल आधी ठरलेला असतो. आणि मग बसवून घ्यावे, कारण विचारण्याजोगे प्रश्न तिथून पुढे आहेत. निकाल ठरवतो कोण? हरायला कोणी नकार दिला तर? हाड मोडले तर दवाखान्याचे बिल कोण भरतो? चाहत्यांनी वर्षानुवर्षे विचारलेल्या अशाच प्रश्नांची उत्तरे या पुस्तकात आहेत.

खासबागेत चितपट कुस्ती पाहत वाढलेल्या मराठी रसिकाला ‘नुरा कुस्ती’ ही शिवी वाटते, त्यात नवल नाही. त्यामुळे या अमेरिकी प्रकाराकडे आपल्याकडे फारसे गांभीर्याने पाहिले गेले नाही. फ्रान्समध्ये मात्र रोलां बार्थसारख्या विचारवंताने 1957च्या ‘मिथॉलॉजीज’मधला पहिलाच निबंध अशा कुस्तीवर लिहिला.

इतर क्षेत्रांत अभ्यासकाला साधने कमी पडतात. इथे साधने उदंड, पण सगळी बनेल. नाटक चालू आहे हे बाहेर कबूल करायचे नाही, या दंडकाला धंद्यात ‘केफेब’ म्हणतात. एकेकाळी नायक आणि खलनायक एका टेबलावर जेवताना दिसलेलेही चालत नसे. मे 1987मध्ये न्यू जर्सीत जिम डगन आणि आयर्न शेक हे रिंगणातले हाडवैरी एकाच गाडीतून जाताना पोलिसांना सापडले. गाडीत अमली पदार्थ होते, पण बोभाटा झाला तो दोघे एकत्र असल्याचा! त्यांच्या कंपनीने दोघांनाही काढून टाकले. आणि गंमत पाहा, जेमतेम दोन वर्षांनी, 1989मध्ये, त्याच न्यू जर्सीच्या सिनेटपुढे त्याच कंपनीने, आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, स्वतःहून सांगितले की आमची कुस्ती ही स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. सत्याचा पुळका वगैरे काही नव्हता. क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर टाळायचा होता.

म्हणून मल्लांच्या मुलाखती आणि आत्मचरित्रे मी हातचे राखून वाचतो. शपथ, कर किंवा करारनामा आडवा आला, की या धंद्याला खरे बोलावे लागते. याच कंपनीच्या जेसी व्हेंचुरा या मल्लाचेच घ्या; हा पुढे मिनेसोटाचा गव्हर्नर झाला. 1986मध्ये ‘रेसलमेनिया 2’ या कंपनीच्या मोठ्या सोहळ्याच्या तोंडावर त्याने मल्लांची संघटना काढायची भाषा केली आणि ती लगेच मालकाच्या कानावर गेली. पुढे व्हिडिओ कॅसेटच्या रॉयल्टीसाठी त्याने कंपनीवर दावा लावला, जिंकलाही. चुगली हल्क होगन या सहकारी मल्लाने केली होती, हे त्या दाव्यात खुद्द मालकाच्या साक्षीतून उघड झाल्याचे व्हेंचुरा सांगतो. संघटना झालीच नाही. मोठ्या कंपनीचे मल्ल करारात ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हणून राहिले आणि आरोग्यविम्याचा भार त्यांच्याच डोक्यावर पडला.

तरी अंगमेहनतीत खोटेपणा नाही. ‘बॉडी स्लॅम’मध्ये उचलला जाणारा गडी ऐनवेळी स्वतः उसळी घेतो, नाहीतर सव्वाशे किलोचा देह कोण उचलणार? पडताना हनुवटी छातीला टेकवतो आणि पाठ सपाट टाकतो, म्हणजे डोके वाचते. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या, फोमचा पातळ थर आणि कॅनव्हास. छातीवरचा तळहाताचा फटका तर खराखुरा, वळ उठतात. शेवट ठरलेला असला तरी मधला बराचसा भाग दोघे एकमेकांच्या कानात कुजबुजत जुळवतात. मानेला मिठी घातली की तोंड कॅमेऱ्यापासून लपते, तेव्हा हे उरकून घेतात.

नवख्या वाचकाने पंचाच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. प्रेक्षक ज्याच्याकडे सर्वांत कमी पाहतात, त्याच्याकडे सर्वांत जास्त कामे असतात. पडद्यामागचे निरोप तो आणतो, वेळ सांभाळतो, पडलेल्या गड्याचा हात दाबून तो शुद्धीवर आहे ना हे पाहतो. दुखापत खरी असेल तर दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करतो. ती पाहिली की मागून डॉक्टर धावतात. चाहत्यांना ही खूण कळल्यापासून ती कधीकधी ठरलेल्या नाटकातही वापरली जाते. मग खरी फुली कोणती, हे चाहते पुन्हा विचारू लागले आहेत.