जुनी मोटार : रोजच्या ये-जा आणि इंधनाचा हिशेब

जुनी मोटार (सेकंडहँड कार) : एकदा कोणाच्या तरी नावावर नोंद होऊन वापरली गेलेली आणि पुन्हा विक्रीला निघालेली प्रवासी मोटार. घर ते कामाचे ठिकाण या रोजच्या फेरीसाठी, इंधन कमी लागावे हा हेतू धरून, अशी मोटार कशी निवडावी याचा विचार या नोंदीत केला आहे. कात्रजहून हिंजवडीला, नाशिकरोडहून सातपूरला किंवा डोंबिवलीहून नवी मुंबईला रोज स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांच्या अडचणी बऱ्याच सारख्या असतात. म्हणून उदाहरणे याच पट्ट्यातली घेतली आहेत.

बाजारात पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या उत्तरावर गाडी घेतली की बहुतेक वेळा हिशेब चुकतो. लिटरला किती किलोमीटर, यापेक्षा आपल्या महिन्याच्या किलोमीटरांना किती लिटर, असे विचारून पाहावे. रोज ४० किमी आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर १,००० किमी होतात. त्याला लिटरमागे १२ किमी देणारी गाडी सुमारे ८३ लिटर पिते, १६ देणारी साडेबासष्ट, २० देणारी ५० आणि २४ देणारी सुमारे ४२. दर वेळी वाढ चारच किलोमीटरांची, पण पहिल्या चारांनी २१ लिटर वाचतात, दुसऱ्या चारांनी साडेबारा आणि तिसऱ्या चारांनी जेमतेम आठ. लिटरचा भाव सोयीसाठी १०० रुपये धरला, तर २० ऐवजी २४ देणारी गाडी वर्षाला दहा हजार रुपये वाचवते. तेवढ्यासाठी लाखभर जास्त मोजले असतील तर ते फिटायला दहा वर्षे लागतात, आणि तोवर त्या गाडीचे नोंदणीचे वय संपत आलेले असते. म्हणजे खरी बचत १२ किमीची गाडी टाळण्यात आहे. २० आणि २४ यांच्यात निवड करायची वेळ आली, तर आकडा बाजूला ठेवून दोघींपैकी कोणती जास्त निगराणीत राहिली ते पाहावे.

छापील आकडा येतो कुठून, हेही माहीत असावे. भारतात तो बहुधा एआरएआयच्या नावाने सांगितला जातो. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. चाचणीत गाडीची चाके रोलरवर फिरतात, वेग किती आणि केव्हा बदलायचा ते आधी ठरलेले असते, कमाल वेग ताशी ९० किमी असतो आणि एसी बंद असतो. सर्व गाड्यांना एकच कसोटी लागावी म्हणून हे योग्यच आहे. त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा चांगला. मात्र चांदणी चौकातली सकाळ त्या रोलरवर नसते. २०१४ साली आलेल्या सेलेरिओ पेट्रोलचा जाहीर आकडा २३.१ होता, २०१७ च्या डिझायर डिझेलचा २८.४. भर शहरात एसी लावून चालवताना छापील आकड्याच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश हाती आले, तरी गाडी ठीक आहे असे समजावे. सिग्नलला उभी असलेली छोटी पेट्रोल गाडीसुद्धा तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाळते आणि त्या वेळात अंतर शून्य कापते. आकडा तिथेच खाली येतो.

जुन्या गाडीच्या बाबतीत आणखी एक वजावट करावी लागते. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे मिश्रणातली ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांचे रबर, प्लॅस्टिक आणि धातूचे भाग या मिश्रणाला चालतील असे बनू लागले. त्याआधीच्या गाडीत इंधनाच्या नळ्या आणि सील तपासून घ्यावेत. टाकीच्या झाकणाच्या आत किंवा मालकाच्या पुस्तिकेत ‘ई १०’ किंवा ‘ई २०’ असा उल्लेख सापडतो.

इंधन कोणते, याचा निर्णय अंतरावरून होतो. दिवसाला ३०–४० किमीपर्यंत हलकी पेट्रोल गाडी सर्वांत कमी कटकटीची. वॅगन आर, सेलेरिओ, आय टेन, स्विफ्ट या वर्गातल्या गाड्यांचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात, आणि रोज वापरायच्या गाडीत याचे मोल अ‍ॅव्हरेजइतकेच आहे. शहरात वजन फार महत्त्वाचे. ८०० किलोची गाडी आणि १,२०० किलोची गाडी प्रत्येक सिग्नलनंतर पुन्हा वेगात आणायची असते, आणि ब्रेक दाबला की ती मेहनत उष्णता होऊन निघून जाते. म्हणूनच वाहतुकीत उंच, जड एसयूव्हीचे अ‍ॅव्हरेज झपाट्याने घसरते.

अंतर त्याहून जास्त असेल तर सीएनजी पाहावी. एक किलो सीएनजीत साधारण दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते, आणि दर किलोवर असल्याने खर्चात मोठा फरक पडतो. मोबदल्यात डिकी जवळजवळ जाते, चढावर जोर थोडा कमी पडतो, आणि पंपावरची रांग हिशेबात धरावी लागते; रोज वीस मिनिटे रांगेत जाणार असतील तर ती आपल्याच आयुष्यातली असतात. कंपनीने बसवलेले किट पहिल्या पसंतीचे. बाहेरून बसवलेले असेल तर त्याची नोंद आरसीवर हवीच. ती नसेल तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. टाकीत वायू सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो. टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते आणि तिची तारीख गाडीवरच्या पट्टीवर कोरलेली असते. ती तारीख उलटून गेलेली असेल तर भाव करण्याआधी चाचणी करून मागावी. इथे भीड ठेवू नये.

डिझेलची गोष्ट थोडी वेगळी. फियाटचे १,२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन पुण्याजवळ रांजणगावला आणि सुझुकीसाठी मानेसरला बनत असे. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंतो अशा अनेक गाड्यांत तेच होते. महामार्गावर त्याने दिलेले अ‍ॅव्हरेज आजही लोक आठवणीने सांगतात. १ एप्रिल २०२० पासून धुरातल्या प्रदूषणाचे बीएस ६ नियम आले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. जुने बीएस ४ डिझेल रोज ८०–१०० किमी मोकळ्या रस्त्याने जाणाऱ्याला अजूनही परवडते. पण इंजेक्टर, टर्बो किंवा क्लचचे काम निघाले की दोन वर्षांची बचत एका बिलात जाते. बीएस ६ डिझेलमध्ये काजळी अडवणारी जाळी (डीपीएफ) असते. ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगात चालावी लागते. पाच-सहा किमीच्या शहरी फेऱ्यांत ती तुंबते. अशा फेरीसाठी डिझेल घेऊ नये.

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात : एएमटीमुळे (क्लच व गिअर आपोआप चालवणाऱ्या गिअरबॉक्समुळे) इंधन जास्त जात नाही, मात्र रांगत्या वाहतुकीत तिचा क्लच झिजतो. पूर्ण हायब्रिड गाड्या शहरात सर्वांत काटकसरी आहेत, पण जुन्या बाजारात त्या थोड्या आणि महाग.

आता गाडी प्रत्यक्ष पाहण्याबद्दल. विक्रेत्याला आधीच सांगावे की इंजिन थंड असताना पाहायचे आहे, आणि सकाळी जावे. बॉनेटवर हात ठेवला आणि ते कोमट लागले, तर गाडी आपल्यासाठी आधीच गरम करून ठेवलेली आहे. थंड इंजिन एका दमात सुरू झाले पाहिजे. धूर निळसर असेल तर ऑइल जळते आहे. काळा असेल तर इंधन जास्त पडते आहे. अ‍ॅव्हरेज पाडणारे काही दोष मात्र धुरात दिसत नाहीत. थर्मोस्टॅटची झडप उघडी अडकली की इंजिन नीट तापतच नाही, आणि इंजिन थंड आहे असे समजून संगणक इंधन जास्त सोडत राहतो. अनेक छोट्या गाड्यांत यासाठी निळा दिवा असतो. दोन-चार किमीमध्ये तो विझायला हवा. क्लच घसरतो का, हे चढावर चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून कळते : आवाज वाढतो, वेग वाढत नाही. दहा किमी चालवून परत आल्यावर चारही चाकांजवळ तळहात न्यावा, चिकटवू नये. तीन सारखी आणि एक चटका देणारे असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाही. अशी गाडी ब्रेक थोडा दाबून ठेवल्यासारखी रोज चालत असते, आणि मालक पेट्रोलच्या दर्जाला दोष देत असतो. दुरुस्ती बहुधा स्वस्तात होते. म्हणून असा दोष सापडला तर गाडी सोडण्यापेक्षा भाव खाली आणावा.

किलोमीटर मीटरवरून वाचू नयेत, गाडीवरून वाचावेत. टायरच्या कडेवर शेवटी चार अंक कोरलेले असतात : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटरवर २८ हजार, आणि चारही टायर २०२३ चे असतील, तर पहिले टायर इतक्या लवकर का बदलले हे विचारावे. ब्रेक पेडलचे रबर, स्टिअरिंगची वरची कड, चालकाच्या सीटची दाराकडची शिवण खोटे बोलत नाहीत. अधिकृत सर्व्हिस केंद्रात नोंदणी क्रमांकावरून जुन्या नोंदी मिळतात. त्यात किलोमीटर क्रमाने वाढत गेलेले दिसले पाहिजेत.

पुरात बुडालेली गाडी ओळखणे हे महाराष्ट्रात वेगळे शिकण्यासारखे काम आहे. २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चे सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ चे चिपळूण : पाणी ओसरल्यावर हजारो गाड्या धुऊन-पुसून उभ्या राहिल्या, आणि अशा गाड्या दूरच्या शहरांत विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ किंवा बुरशीचा वास असेल तर गाडी तिथेच सोडावी. सीटखालच्या रुळांवरचा गंज आणि स्टेपनीच्या खळग्यातली माती हीही साक्ष देतात. अशा गाडीचे वायरिंग आणि सेन्सर एकेक करून दगा देतात, आणि अ‍ॅव्हरेज कधीच जागेवर येत नाही. कोकण-गोव्यातल्या किनाऱ्यालगतच्या गाडीला पूर नसला तरी खारा वारा लागलेला असतो. ती वर उचलून खालचा पत्रा पाहावा.

काटकसर करताना सुरक्षिततेवर पाणी सोडू नये. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या, एअरबॅग नसलेल्या मॉडेलांच्या धडक चाचण्या जाहीर केल्या. पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. एप्रिल २०१९ पासून एबीएस आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग प्रत्येक नव्या गाडीत सक्तीची झाली. रोज महामार्गावरून जायचे असेल तर त्यानंतरची गाडी घ्यावी. अ‍ॅव्हरेज दोन किमीने कमी असले तरी चालेल.

कागदपत्रांत आरसीवरचे चासी व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी स्वतः जुळवावेत आणि बँकेचा बोजा आहे का ते पाहावे. असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचा ना-हरकत दाखला घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. दिल्लीत १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इथे कमी भावात दिसतात. त्यांना तिथला ना-हरकत दाखला, इथला कर आणि नवी नोंदणी लागते. तो खर्च धरला की स्वस्ताई फारशी उरत नाही. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. कायद्याने राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ आणि खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. ही टाळाटाळ विकणाऱ्याच्या अंगाशी येते : २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात, गाडी प्रत्यक्षात दुसऱ्याकडे असली तरी अपघाताच्या भरपाईला नोंदीवरचा मालकच जबाबदार, असा निर्णय दिला. विम्यावरचा नो-क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो. नव्या मालकाचा हप्ता त्याशिवाय मोजावा.

गाडी घरी आल्यावर पहिल्या तीन टाक्यांचा हिशेब वहीत लिहावा. टाकी पंपाच्या पहिल्या ‘कट’पर्यंत फुल करून मीटर लिहून ठेवायचा, नेहमीसारखे चालवायचे, पुन्हा त्याच पंपावर तशीच फुल करायची, मधल्या किलोमीटरांना या वेळी बसलेल्या लिटरांनी भागले की आलेला आकडा आपल्या रस्त्याचा आणि आपल्या पायाचा. पुढे कधी तो दहा टक्क्यांनी खाली आला, तर गॅरेजला जाण्याआधी टायरची हवा पाहावी. हवेचा योग्य आकडा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेला असतो, आणि तो टायर थंड असताना मोजायचा असतो.